मेडिकेअर खर्चनकाराची पूर्वसूचना
मेडिकेअर खर्चनकाराची पूर्वसूचना : अमेरिकेतील शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या रुग्णाच्या पुढील सेवेचा खर्च मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना बहुधा देणार नाही, हे त्याला आधीच लेखी कळवण्याची कायदेशीर पद्धत. बिलाचा भार रुग्णावर पडणार की केंद्रावर, हे बऱ्याचदा या सूचनेवर ठरते.

पार्श्वभूमी : मेडिकेअरच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी सही केली. शुश्रूषा केंद्रातील उपचारांचा खर्च योजनेच्या ‘भाग अ’मधून मिळतो, पण मर्यादित काळच. मूळ मेडिकेअरमध्ये त्यासाठी रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून सलग तीन दिवस काढलेले असावे लागतात, शिवाय परिचारिका किंवा थेरपिस्ट यांच्या कौशल्याची रोज गरज असावी लागते. अशा रुग्णाचा पहिल्या २० दिवसांचा खर्च पूर्ण मिळतो; २१ ते १०० या दिवसांत त्याला रोजचा वाटा भरावा लागतो (२०२५ मध्ये २०९.५० डॉलर). हे दिवस ज्या कालावधीसाठी मोजले जातात, त्या लाभकालावधीत पुढे काहीच मिळत नाही. केवळ आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी मदत लागत असेल, तर त्या वास्तव्याचा खर्च मेडिकेअर देत नाही.

प्रकार : मुख्य सूचना दोन. पहिली सेवासमाप्तीची. मेडिकेअरच्या खर्चाने चाललेल्या सर्व सेवा थांबणार असतील, तर ही सूचना किमान दोन दिवस आधी द्यावी लागते. तीत शेवटची तारीख आणि अपिलाची रीत लिहिलेली असते. मूळ मेडिकेअर आणि खासगी कंपन्यांमार्फत चालणारी मेडिकेअर ॲडव्हान्टेज, दोन्हींना ती लागू आहे. १०० दिवस संपल्यामुळे लाभ थांबत असेल, तर ती दिली जात नाही. दुसरी सूचना खर्चाची असून ती फक्त मूळ मेडिकेअरसाठी आहे. तीत सेवा, नकाराचे कारण आणि अंदाजे खर्च नमूद करून रुग्णाला तीन पर्याय दिलेले असतात : सेवा घ्यावी व बिल मेडिकेअरकडे पाठवायला सांगावे, सेवा घ्यावी व खर्च स्वतः भरावा, किंवा सेवा नाकारावी. पहिल्या पर्यायात निर्णय केंद्राऐवजी मेडिकेअरकडून येतो आणि तो प्रतिकूल असला तरी त्यावर अपील करता येते.

अपील : सेवासमाप्तीविरुद्ध जलद अपील स्वतंत्र गुणवत्ता सुधार संस्थेकडे करता येते. त्यासाठी सेवा थांबण्याच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत तिच्याशी संपर्क साधावा लागतो. मुदत इतकी थोडी असल्याने सूचना मिळाल्यानंतरचा एकेक तास मोलाचा ठरतो. अपील फेटाळले गेल्यास समाप्तीनंतरच्या दिवसांचा खर्च रुग्णाकडे येऊ शकतो.

जबाबदारी : १९७२ च्या कायदेदुरुस्तीने खर्च नाकारला जाईल याची कल्पना नसलेल्या रुग्णाला संरक्षण दिले. सूचना आवश्यक असूनही केंद्राने ती नीट दिली नाही, तर खर्च सामान्यतः केंद्रालाच सोसावा लागतो. सेवासमाप्तीच्या सूचनेवरची सही म्हणजे ती मिळाल्याची पोच. निर्णयाला संमती नव्हे. रुग्णाला आकलन होत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीला सूचना दिली जाते.

संबंधित घडामोडी : प्रकृती सुधारत नाही एवढ्याच कारणावरून सेवा नाकारता येत नाही, हे २०१३ मध्ये मंजूर झालेल्या जिमो विरुद्ध सिबेलियस खटल्यातील तडजोडीने स्पष्ट केले. आहे ती प्रकृती टिकवण्यासाठी किंवा ऱ्हासाचा वेग कमी करण्यासाठी कौशल्याची सेवा लागत असेल, तरी खर्च मिळू शकतो. त्यामुळे ‘सुधारणा थांबली’ असे कारण दिलेल्या सूचनेला आव्हान देण्यास भक्कम आधार आहे. रुग्णालयात आंतररुग्ण म्हणून दाखल न होता केवळ निरीक्षणाखाली काढलेला काळ सुरुवातीला सांगितलेल्या तीन दिवसांत मोजला जात नाही. म्हणून २०१५ च्या कायद्याने २४ तासांहून अधिक निरीक्षणाखाली असलेल्या रुग्णाला रुग्णालयाने तसे कळवणे बंधनकारक केले.

भाषा : ग्रीन कार्डावर अमेरिकेत सलग पाच वर्षे राहिलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींना मेडिकेअर विकत घेता येते; मुलांकडे जाऊन स्थायिक झालेल्या मराठी आईवडिलांनाही हा मार्ग खुला आहे. अशा किंवा इतर कोणत्याही इंग्रजी न समजणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषा देणे केंद्राचे कर्तव्य आहे. सूचना वाचून समजल्याशिवाय अपिलाचा हक्क वापरता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी दुभाषा मागणे रुग्णाच्या हिताचे ठरते.