नळाच्या टेपचं भावंड

नळाची गळती थांबवायला प्लंबर आट्यांवर जी पांढरी पातळ टेप गुंडाळतो, ती आणि हिमालयात जाणाऱ्यांच्या अंगावरचं महागडं गोर-टेक्स जाकीट ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींचं मूळ पीटीएफई, म्हणजे टेफलॉन. जाकिटाचा शोध लागला तोही ही टेप स्वस्तात कशी करता येईल, या खटपटीत.

पावसाचा कपडा करणाऱ्यांची खरी अडचण पाऊस ही कधीच नव्हती. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांच्या मधे रबराचा थर देऊन पेटंट घेतलं आणि पाणी अडलं. पण घामही आतच अडला. थंड डोंगरात चढून घामेजलेला माणूस थांबला की तोच घाम त्याला गारठवतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने व्हेंटाइल हे घट्ट विणीचं सुती कापड केलं. भिजल्यावर त्याचे धागे फुगतात आणि विणीतल्या फटी बुजतात. समुद्रात पडणाऱ्या वैमानिकांसाठी केलेलं हे कापड मला आजही फार देखणी युक्ती वाटते. मात्र ओलं झालं की ते जड आणि कडक होतं.

टेफलॉन सापडलं ६ एप्रिल १९३८ रोजी. ड्यूपाँ कंपनीचे रसायनतज्ज्ञ रॉय प्लंकेट यांच्याकडच्या एका नळकांड्यातून वायू येईना, पण वजन तर भरलेल्या नळकांड्याचं. ते कापून पाहिलं तर आत पांढरी, बुळबुळीत भुकटी. त्याच कंपनीतले बिल गोर १९५८ मध्ये बाहेर पडले आणि पत्नी व्हीव यांच्यासह घराच्या तळघरात टेफलॉनचं वेष्टण असलेल्या विजेच्या तारा करू लागले.

त्यांचा मुलगा बॉब ऑक्टोबर १९६९ मध्ये तापवलेल्या पीटीएफईच्या कांड्या ताणून पाहत होता. कांडीत हवा शिरली तर तेवढाच माल वाचेल, हा हिशेब. हळूहळू, जपून ताणलं की कांडी तुटायची. शेवटी वैतागून त्याने एक कांडी जोरात ओढली आणि ती तुटायच्या ऐवजी सुमारे ८०० टक्के लांबली. तयार झालेल्या पदार्थात ७० टक्के हवाच होती, अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळ्यात अडकलेली.

या वंशावळीत आणखी एक नाव घ्यायलाच हवं. न्यूझीलंडच्या जॉन क्रॉपर यांनी १९६६ मध्येच पीटीएफई ताणून नळाची टेप करणारं यंत्र बनवलं होतं. त्यांची रीत मात्र गुपितच राहिली. पुढे गोर आणि गार्लॉक या कंपन्यांमध्ये पेटंटचा खटला झाला तेव्हा क्रॉपर यांचं काम पुढे आलं. १९८३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवलं की एकाने रीत गुप्तपणे वापरली, म्हणून ती उघड करणाऱ्या दुसऱ्याचं पेटंट बुडत नाही. निकाल मला पटतो. तरीही क्रॉपर यांचा उल्लेख इतका क्वचित व्हावा, याचं वाईट वाटतं.

१९७६ मध्ये सिएटलच्या अर्ली विंटर्स या दुकानाने गोर यांच्या ताणलेल्या पीटीएफईच्या पातळ पडद्याचे तंबू आणि पावसाळी कपडे विकायला काढले. पडद्यात दर चौरस इंचाला सुमारे ९०० कोटी छिद्रं, असं कंपनी सांगते. पीटीएफईला पाणी चिकटत नाही, म्हणून थेंब त्या छिद्रांत शिरत नाही. वाफ मात्र आरपार जाते. पण अंगाचं तेल पडद्याला लागलं की तिथून पाणी झिरपू लागायचं. पहिल्या जाकिटांच्या तक्रारी आल्या, माल परत घ्यावा लागला. मग पडद्यावर आतून पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवला. तेव्हापासून घामाची वाफ आधी या थरात मुरते, त्यातून पलीकडे सरकते आणि मग छिद्रांतून बाहेर पडते.

ही वाफ बाहेर ढकलणारी कुठलीही यंत्रणा जाकिटात नाही. आत बाष्पाचा दाब जास्त आणि बाहेर कमी, एवढ्या फरकावर सगळं चालतं. जाकिटात ३० अंशांची दमट हवा असेल तर तिथला बाष्पदाब सुमारे ४२ मिलिबार भरतो. बाहेर ५ अंश असतील तर तिथे फार तर ९, आणि वाफ झपाट्याने निघते. जुलैतल्या सह्याद्रीत २४ अंशांच्या धुक्यात बाहेरच ३० मिलिबारच्या आसपास असतात. फरक उरतो एक तृतीयांश. त्यात बाहेरच्या कापडावरचं पाणी झटकणारं लेपन झिजलं, कापड भिजलं, की वाट आणखी अडते. म्हणून सह्याद्रीच्या पावसाळी ट्रेकसाठी हजारो रुपये मोजण्याआधी बगलेत चेन आहे का ते पाहावं. घाम त्या वाटेने जास्त निघतो. कोकणात भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतात ते इरलं पुढून आणि खालून मोकळंच असतं, आणि आपल्या हवेत हाच उपाय लागू पडतो.

पीटीएफईसारखी फ्लोरिनची संयुगं निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत आणि ती बनवताना, लेपनात वापरताना पाण्यात मिसळलेल्या काही रसायनांनी आरोग्याचे गंभीर प्रश्न उभे केले. २०२२ मध्ये गोर कंपनीने फ्लोरिनरहित पॉलिथिलीनचा पडदा बाजारात आणला. पदार्थ बदलला, पण पडदा सच्छिद्र करण्यासाठी तो ताणायची रीत कायम आहे.