परग्रहीय बुद्धिमत्तेचा शोध

परग्रहीय बुद्धिमत्तेचा शोध (संक्षेपाने 'सेटी') म्हणजे पृथ्वीबाहेर तंत्रज्ञान विकसित करणारे सजीव आहेत का, याचा वैज्ञानिक पद्धतीने घेतला जाणारा शोध होय. दूरच्या ताऱ्यांच्या दिशेने येणाऱ्या रेडिओ लहरी व प्रकाश यांमध्ये कृत्रिम उगमाची चिन्हे शोधणे हा या कार्याचा मुख्य भाग आहे. असा संकेत मिळाल्यास त्याची खातरजमा कशी करावी, तो कोणी जाहीर करावा आणि त्याला उत्तर द्यावे की नाही, हे प्रश्नही याच विषयात मोडतात. आजवर परग्रहीय बुद्धिमत्तेचा एकही निर्विवाद पुरावा मिळालेला नाही.

संज्ञा व व्याप्ती

परग्रहावरील जीवसृष्टी आणि परग्रहीय बुद्धिमत्ता या दोन संकल्पना भिन्न आहेत. मंगळाच्या पृष्ठभागाखाली किंवा गुरूच्या युरोपा या उपग्रहावरील बर्फाखालच्या समुद्रात सूक्ष्मजीव आहेत का, हा खगोलजीवशास्त्राचा विषय आहे. 'सेटी'मध्ये मात्र सजीवांचा थेट शोध न घेता त्यांच्या तंत्रज्ञानाच्या खुणांचा, म्हणजे तंत्रचिन्हांचा शोध घेतला जातो. अरुंद पट्ट्यातील रेडिओ संकेत, लेसरचे स्पंद आणि ताऱ्याभोवतीच्या महाकाय रचनांमधून बाहेर पडणारी उष्णता ही तंत्रचिन्हांची उदाहरणे होत. अज्ञात उडत्या वस्तूंच्या (उडत्या तबकड्यांच्या) वृत्तांताशी या संशोधनाचा संबंध नाही.

अस्तित्वाविषयीचे युक्तिवाद

*ड्रेक समीकरण*

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली वेस्ट व्हर्जिनियातील ग्रीन बँक येथे झालेल्या बैठकीसाठी एक समीकरण मांडले. आपल्या आकाशगंगेत संपर्क साधू शकणाऱ्या किती संस्कृती असाव्यात, याचा अंदाज त्यात पुढील सात घटकांच्या गुणाकाराने केला जातो :

१. आकाशगंगेत ताऱ्यांच्या निर्मितीचा दर
२. ग्रहमाला असलेल्या ताऱ्यांचे प्रमाण
३. प्रत्येक ग्रहमालेतील जीवनास अनुकूल ग्रहांची संख्या
४. अशा ग्रहांपैकी जीवसृष्टी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या ग्रहांचे प्रमाण
५. त्यांपैकी बुद्धिमान सजीव उत्क्रांत होणाऱ्या ग्रहांचे प्रमाण
६. त्यांपैकी अवकाशात ओळखता येतील असे संकेत सोडणाऱ्या संस्कृतींचे प्रमाण
७. अशी संस्कृती संकेत सोडत राहण्याचा कालावधी

यांपैकी पहिल्या तीन घटकांविषयीचे ज्ञान अलीकडच्या काळात बरेच वाढले आहे. १९९२ साली एका स्पंदकाभोवती आणि १९९५ साली सूर्यासारख्या '५१ पेगासी' या ताऱ्याभोवती ग्रह सापडले. दुसऱ्या शोधासाठी मिशेल मेयर व दिदिए केलो यांना २०१९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. केपलर अवकाश दुर्बिणीच्या (२००९–२०१८) निरीक्षणांनंतर ग्रहमाला ही अपवादात्मक नव्हे, तर सर्वसामान्य गोष्ट असल्याचे स्पष्ट झाले. २०२२ सालापर्यंत निश्चित झालेल्या बाह्यग्रहांची संख्या ५,००० च्या पुढे गेली होती.

उरलेल्या चार घटकांसाठी मात्र पृथ्वी हे एकच उदाहरण उपलब्ध आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४.५ अब्ज वर्षे आहे आणि येथे सुमारे ३.५ अब्ज वर्षांपासून जीवसृष्टी आहे. परंतु रेडिओ तंत्रज्ञानाला जेमतेम सव्वाशे वर्षे झाली आहेत. एकाच उदाहरणावरून प्रमाण काढता येत नाही. त्यामुळे गृहीतके बदलली की समीकरणाचे उत्तर 'आपण एकटेच' येथपासून 'लक्षावधी संस्कृती' येथपर्यंत बदलते. हे समीकरण म्हणजे उत्तर मिळवण्याचे साधन नसून अज्ञानाची नीट मांडणी करण्याची रीत आहे, असे म्हणता येते.

*फर्मी विरोधाभास*

इटालियन-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ एनरिको फर्मी यांनी १९५० साली लॉस अलामॉस येथे सहकाऱ्यांशी जेवताना एक साधा प्रश्न विचारला : परग्रहवासी असतील, तर ते आहेत कुठे? आकाशगंगेत किमान १०० अब्ज तारे आहेत आणि तिचे वय सुमारे १३ अब्ज वर्षे आहे. प्रकाशाच्या वेगाच्या अल्प अंशाने प्रवास करणारी संस्कृतीही काही कोटी वर्षांत संपूर्ण आकाशगंगेत पसरू शकली असती. तरीही तिच्या खुणा दिसत नाहीत. या विसंगतीची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात :

• दुर्मीळ पृथ्वी गृहीतक : सूक्ष्मजीव सर्वत्र असले, तरी प्रगत सजीवांना लागणारी परिस्थिती अत्यंत विरळा असते. पीटर वॉर्ड व डोनाल्ड ब्राउनली यांनी २००० साली हे मत पुस्तकरूपाने मांडले.
• महागाळणी : निर्जीव द्रव्यापासून आंतरतारकीय संस्कृतीपर्यंतच्या वाटचालीत एखादा टप्पा जवळजवळ अशक्य असावा, असे अर्थशास्त्रज्ञ रॉबिन हॅन्सन यांचे प्रतिपादन आहे. हा टप्पा मानवाने ओलांडला आहे की तो पुढे आहे, यावर मानवजातीचे भवितव्य अवलंबून राहील.
• प्राणिसंग्रहालय गृहीतक : प्रगत संस्कृती आपल्याकडे जाणीवपूर्वक दुरूनच पाहत असाव्यात, असे जॉन बॉल यांनी १९७३ साली सुचवले.
• अपुरा शोध : आजवर पाहिलेला भाग इतका लहान आहे की, शांततेवरून कोणताही निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. जेसन राइट व सहकाऱ्यांनी २०१८ साली केलेल्या गणनेनुसार, सर्व शक्यता हा महासागर मानला, तर आजवरचा शोध एखाद्या छोट्या जलतरण तलावाएवढा भरतो.

शोधाचा इतिहास

ज्युसेप्पे कोकोनी व फिलिप मॉरिसन यांनी १९५९ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिलेल्या लेखापासून आधुनिक शोधाचा आरंभ मानला जातो. हायड्रोजन हे विश्वातील सर्वाधिक विपुल मूलद्रव्य असल्यामुळे त्याची १,४२० मेगाहर्ट्झ ही वारंवारता (तरंगलांबी २१ सेंटिमीटर) सर्व संस्कृतींना ठाऊक असेल आणि संकेत तेथेच शोधावेत, असे त्यांनी सुचवले. पुढच्याच वर्षी, १९६० साली, ड्रेक यांनी ग्रीन बँक येथील २६ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने टाउ सेटी व एप्सिलॉन एरिडनी या दोन ताऱ्यांचा वेध घेतला. 'ओझ्मा प्रकल्प' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयत्नात संकेत मिळाला नाही.

अमेरिकेच्या नासा या संस्थेने १२ ऑक्टोबर १९९२ रोजी, म्हणजे कोलंबस अमेरिकेत पोहोचल्याच्या घटनेस ५०० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मोठी शोधमोहीम सुरू केली. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने तिचा निधी बंद केला. त्यानंतर हे कार्य प्रामुख्याने खाजगी देणग्यांवर चालले. कॅलिफोर्नियातील सेटी इन्स्टिट्यूटने १९९५ ते २००४ या काळात 'फिनिक्स प्रकल्प' राबवला. १९९९ साली सुरू झालेल्या 'सेटी ॲट होम' या उपक्रमात जगभरातील लाखो लोकांनी आपल्या घरच्या संगणकांची फावली शक्ती माहितीच्या विश्लेषणासाठी दिली. २०२० साली हा उपक्रम थांबवण्यात आला. २०१५ साली यूरी मिल्नर यांनी १० कोटी डॉलरच्या 'ब्रेकथ्रू लिसन' या दहा वर्षांच्या प्रकल्पाची घोषणा केली.

फसवे संकेत

१९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल यांना दर १.३३ सेकंदांनी नियमित येणारे रेडिओ स्पंद आढळले. उगम कळेपर्यंत त्यास गमतीने 'छोटी हिरवी माणसे' अशा अर्थाचे नाव देण्यात आले होते. आकाशाच्या दुसऱ्या भागातही तसाच स्रोत सापडल्यावर हे स्पंद नैसर्गिक असल्याचे स्पष्ट झाले आणि स्पंदक हा ताऱ्यांचा नवा प्रकार विज्ञानास ज्ञात झाला.

१५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतील 'बिग इअर' दुर्बिणीने ७२ सेकंद टिकलेला तीव्र संकेत नोंदवला. छापील नोंदीच्या कडेला जेरी एमन यांनी लिहिलेल्या उद्गारामुळे तो 'वॉव! संकेत' म्हणून प्रसिद्ध आहे. तो पुन्हा कधीही मिळाला नाही. ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षे चकवणारे काही स्पंद, चालू मायक्रोवेव्ह भट्टीचे दार मध्येच उघडल्यामुळे निर्माण होत असल्याचे २०१५ साली उघड झाले. याच दुर्बिणीने २०१९ साली प्रॉक्झिमा सेंटॉरी या सर्वांत जवळच्या ताऱ्याच्या दिशेने टिपलेला सुमारे ९८२ मेगाहर्ट्झचा संकेतही मानवनिर्मित व्यत्यय असल्याचे २०२१ साली सिद्ध झाले. त्यामुळे संकेत पुन्हा मिळणे आणि दुसऱ्या दुर्बिणीने त्याला स्वतंत्रपणे दुजोरा देणे या दोन कसोट्या आवश्यक मानल्या जातात.

संकेत मिळाल्यास मानवाचा प्रतिसाद

*कार्यपद्धती*

आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने १९८९ साली तत्त्वांचा एक जाहीरनामा स्वीकारला व २०१० साली त्यात सुधारणा केली. संकेताची आधी खातरजमा करावी; ती झाल्यावर शोध लपवून न ठेवता वैज्ञानिक समुदाय, जनता व संयुक्त राष्ट्रे यांना कळवावा; आणि आंतरराष्ट्रीय विचारविनिमय झाल्याशिवाय उत्तर पाठवू नये, ही त्याची मुख्य सूत्रे आहेत. हा जाहीरनामा कोणत्याही राष्ट्रावर कायद्याने बंधनकारक नाही. १९६७ सालच्या बाह्य अवकाश करारातही परग्रहीय संस्कृतीशी संपर्काबाबत तरतूद नाही. शोधाचे महत्त्व व विश्वासार्हता लोकांना समजावी यासाठी इव्हान आल्मार व जिल टार्टर यांनी २००० साली ० ते १० अंकांची 'रिओ मोजपट्टी' सुचवली.

*समाजावरील परिणाम*

अशा बातमीने जगभर घबराट पसरेल, असा समज रूढ आहे. त्यासाठी ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत प्रसारित झालेल्या मंगळवासीयांच्या आक्रमणावरील नभोनाट्याचा दाखला दिला जातो. परंतु त्या वेळच्या घबराटीचे वर्णन वृत्तपत्रांनी फुगवून केले होते, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ऑगस्ट १९९६ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळावरील अशनीत सूक्ष्म जीवाश्म असल्याचा दावा झाला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर निवेदन केले, तेव्हाही लोकांची प्रतिक्रिया प्रामुख्याने कुतूहलाची होती. (हा दावा पुढे बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही.) सूक्ष्मजीवांचा शोध आणि बुद्धिमान संस्कृतीचा शोध यांवरील प्रतिक्रिया सारख्याच असतील असे मात्र गृहीत धरता येत नाही.

संपर्काचे स्वरूप अंतरावरही अवलंबून राहील. १०० प्रकाशवर्षांवरील संस्कृतीला प्रश्न विचारल्यास उत्तर यायला किमान २०० वर्षे लागतील. असा संवाद व्यक्तींमध्ये न होता पिढ्यांमध्ये होईल आणि प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर ऐकायला मिळणार नाही.

संदेश पाठवण्याविषयीचा वाद

१६ नोव्हेंबर १९७४ रोजी पोर्टो रिकोतील आरेसिबो दुर्बिणीतून एम १३ या तारकागुच्छाकडे १,६७९ द्विमान अंकांचा संदेश पाठवण्यात आला. १,६७९ ही २३ व ७३ या मूळ संख्यांचा गुणाकार असल्याने अंकांची आयताकृती मांडणी करून त्यातील चित्र उलगडता येते. हा गुच्छ सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर आहे. या प्रक्षेपणानंतर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी अशा संदेशांना जाहीर विरोध केला. २०१७ साली सुमारे १२ प्रकाशवर्षांवरील लायटनच्या ताऱ्याकडेही संदेश पाठवण्यात आला. त्याचे उत्तर २०४० च्या दशकापूर्वी येणे शक्य नाही.

स्टीफन हॉकिंग यांनी २०१० साली इशारा दिला की, प्रगत संस्कृतीशी गाठ पडल्यास मानवाची स्थिती कोलंबसाच्या आगमनानंतरच्या अमेरिकेतील मूलनिवासींसारखी होऊ शकते. संदेशाचे समर्थक असे म्हणतात की, पृथ्वीवरील रडार व प्रसारणाच्या लहरी अनेक दशकांपासून अवकाशात जातच आहेत आणि सगळेच केवळ ऐकत राहिले, तर संवाद कधीच होणार नाही. त्यावर विरोधकांचे उत्तर असे की, एखाद्या ताऱ्यावर रोखलेला संदेश या गळतीपेक्षा कितीतरी प्रबळ असतो. वादाचा गाभा धोक्याच्या मोजमापाचा नसून अधिकाराचा आहे : ज्याचे परिणाम अद्याप न जन्मलेल्या पिढ्यांना भोगावे लागतील, असा निर्णय मूठभर व्यक्तींनी साऱ्या पृथ्वीच्या वतीने घ्यावा काय, या प्रश्नावर एकमत झालेले नाही.

भारतीय व मराठी संदर्भ

१९७७ साली प्रक्षेपित झालेल्या व्हॉयेजर १ व व्हॉयेजर २ या यानांवर कार्ल सेगन यांच्या समितीने तयार केलेली सुवर्ण तबकडी बसवलेली आहे. तीत ५५ भाषांमधील अभिवादने असून हिंदी, बंगाली, गुजराती, कन्नड आदी भारतीय भाषांबरोबर मराठीचाही समावेश आहे. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवीही तीत आहे. व्हॉयेजर १ च्या प्रक्षेपणानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. व्हॉयेजर १ ने २०१२ साली आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास पोहोचण्यास त्याला सुमारे ४०,००० वर्षे लागतील.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीच्या निरीक्षणपट्ट्यात हायड्रोजनची वारंवारताही येते.

जयंत नारळीकर यांच्या सहभागाने २००१ व २००५ साली हैदराबाद येथून फुग्यांद्वारे सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांत सूक्ष्मजीव आढळले आणि दुसऱ्या प्रयोगातून जीवाणूंच्या तीन नव्या जातींची नोंद झाली. मात्र ते पृथ्वीबाहेरून आले असल्याचे सिद्ध झालेले नाही. परग्रहीय संस्कृतीशी संपर्क हा विषय नारळीकरांनी 'प्रेषित' या मराठी विज्ञानकादंबरीतही हाताळला आहे.

हे सुद्धा पहा

• खगोलजीवशास्त्र
• बाह्यग्रह
• ड्रेक समीकरण
• फर्मी विरोधाभास
• व्हॉयेजर सुवर्ण तबकडी
• महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण