पिवळा फलक आणि स्वयंरोजगारातला ‘स्व’

मराठी संतसाहित्याच्या अभ्यासकाला पांगुळ परिचित असतो. सूर्याचा सारथी अरुण हा पायांनी अधू. त्याच्या नावाने पहाटे दान मागणाऱ्या या भिक्षेकऱ्याचे रूपक ज्ञानदेवांच्या नावावरील रचनांत आढळते. एकनाथांच्या भारुडांत तर आंधळा, पांगळा, बहिरा, मुका अशी पात्रे स्वतःच बोलू लागतात. या रूपकांचा रोख अर्थातच आध्यात्मिक आहे. परंतु रूपक रुजायचे तर श्रोत्याच्या डोळ्यांसमोर तसे वास्तव असावे लागते, आणि ते वास्तव दारात पसरलेल्या हाताचे होते. अपंगाने मागावे आणि धडधाकटाने द्यावे, हा व्यवहार शतकानुशतके इतका स्वाभाविक मानला गेला की अपंग माणूस काही विकत असेल, ही कल्पनाच दुर्मिळ राहिली.

महाराष्ट्रातल्या गावोगावच्या चौकांत ही कल्पना दृश्यरूपात आली ती बऱ्याच उशिरा, आणि एका पिवळ्या फलकाच्या आधाराने. 1984 मध्ये सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या दशकात ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’ ही अक्षरे सर्वत्र दिसू लागली. घरी दूरध्वनी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, असा तो काळ होता. या केंद्रांच्या वाटपात अपंगांना प्राधान्य देण्याचे धोरण दूरसंचार खात्याने स्वीकारले. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. काम बसून करण्याजोगे होते, भांडवल बेताचे लागे, कच्चा माल नासण्याची भीती नव्हती आणि हिशेब मीटर ठेवी. रात्री सवलतीचे दर सुरू झाले की केंद्रासमोर रांग लागे. कुबड्या भिंतीला टेकवून बसलेला माणूस पैसे मोजून घेई आणि उरलेले परत करी. सुटे पैसे परत करण्याची ही क्रिया वरवर क्षुल्लक असली, तरी दानाच्या व्यवहारात तिला जागा नसते. ती फक्त गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात घडते.

याच सुमारास कायदाही आला. अपंग व्यक्तींना समान संधी व संरक्षण देणारा अधिनियम 1995 च्या डिसेंबरात संसदेने संमत केला व 7 फेब्रुवारी 1996 पासून तो अमलात आला. शासकीय नोकऱ्यांतील 3 टक्के आरक्षणामुळे तो अधिक चर्चिला गेला. मात्र त्याचे 43 वे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. व्यवसाय थाटण्यासाठी आणि अपंग उद्योजकांच्या कारखान्यांसाठी सवलतीच्या दराने, प्राधान्याने जमीन देण्याच्या योजना शासनाने व स्थानिक संस्थांनी कराव्यात, असे ते सांगते. ‘अपंग उद्योजक’ हा शब्दप्रयोग कायद्याच्या भाषेत येणे ही साधी गोष्ट नव्हती. 1997 मध्ये स्वयंरोजगारासाठी कर्ज देणारे राष्ट्रीय महामंडळही स्थापन झाले.

परंतु त्याच 1995 सालच्या 31 जुलै रोजी कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवर संभाषण केले होते. भारतातला तो पहिला असा संवाद मानला जातो. अपंगांच्या व्यवसायाला मान्यता देणारा कायदा आणि त्यांच्या सर्वाधिक दृश्य व्यवसायाचा अंत घडवणारे यंत्र यांचा जन्म असा काही महिन्यांच्या अंतराने झाला. 2003 मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले, दर उतरत गेले आणि काही वर्षांतच रांगा विरल्या. केंद्रांत बिस्किटांच्या बरण्या आल्या, रिचार्जची कुपने आली, कुठे झेरॉक्सचे यंत्र आले. पण जागा दूरध्वनीसाठी दिलेली असेल, तर तिथे दुसरे काही विकणे कितपत नियमात बसते, हा प्रश्न उभा राहतोच. आपण काय विकायचे हे ज्याला ठरवता येत नाही, त्याच्या स्वयंरोजगारातला ‘स्व’ नेमका कोणता?

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत 1936 मध्ये रँडॉल्फ-शेपर्ड कायदा झाला. संघराज्याच्या शासकीय इमारतींत विक्रीकेंद्रे चालवण्यात अंध व्यक्तींना त्याने प्राधान्य दिले. काही दशकांनी तिथेही यंत्र आडवे आले. नाणे टाकताच वस्तू देणारी स्वयंचलित विक्रीयंत्रे त्याच इमारतींत उभी राहिली आणि गिऱ्हाईक तिकडे वळू लागले. 1974 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा यंत्रांच्या उत्पन्नातही अंध विक्रेत्यांचा वाटा ठरवण्यात आला. ती व्यवस्था निर्दोष होती असे नव्हे. पण तिने एक गोष्ट ओळखली होती: संरक्षण द्यायचे ते विक्रेत्याच्या बाजारातील स्थानाला. विकण्याचे साधन बदलले म्हणून ते स्थान नाहीसे होऊ देण्याचे कारण नाही. आपल्याकडे भ्रमणध्वनी आला तेव्हा अपंग केंद्रचालकासाठी असा कोणताही वाटा कायद्याने मागितला नाही.

दुसरा मार्ग कौशल्याचा. ऐन तारुण्यात दृष्टी गमावलेल्या भावेश भाटिया यांनी राष्ट्रीय अंधजन संघटनेत मेणबत्त्या बनवण्याचे शिक्षण घेतले आणि महाबळेश्वरात हातगाडीवर त्या विकल्या. पुढे त्यातूनच अंध कारागिरांना काम देणारा उद्योग उभा राहिला. विजेच्या दिव्यांनी मेणबत्तीची गरज केव्हाच संपवली होती, तरी शोभेची, सुगंधी मेणबत्ती बाजारात टिकली, कारण साचा बदलण्याचा निर्णय कारागिराच्या हाती होता. अर्थात एका यशस्वी माणसाचे उदाहरण पुढे करून इतरांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येकापाशी असाधारण जिद्द असावी, ही अपेक्षा आपण धडधाकट दुकानदाराकडून कधी करीत नाही.

2016 च्या अधिनियमाने जुन्या कायद्याची जागा घेतली. व्यवसाय, उद्योग आणि उत्पादनकेंद्रांसाठी सवलतीने द्यावयाच्या जमिनीत 5 टक्के आरक्षण त्याच्या 37 व्या कलमात आहे. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्दही शासकीय भाषेत रूढ झाला. शब्दांचे हे स्थित्यंतर साहित्याच्या अभ्यासकाला रस वाटावा असेच आहे. मात्र पांगुळापासून इथवरचा प्रवास शब्दांवरून मोजता येणार नाही. दिलेल्या जागेत उद्या काय विकायचे हे तिथे बसलेला माणूस ठरवू शकतो का, आणि धंदा बुडाला तर दुसरा सुरू करण्याची मुभा व भांडवल त्याला मिळते का, यावरूनच तो मोजावा लागेल. ते मिळत नसेल, तर पिवळ्या फलकाखालची ती जागाही दानच होती, फक्त तिला भाड्याची पावती जोडलेली होती.