औषधाची पाठराखीण

कोयनेल हें नांव आज क्वचितच कानीं पडतें; पण हिवतापास एकच औषध पुरें, ही समजूत त्या कडू गोळीनेंच रूढ केली. क्लोरोक्विननें ती दृढ केली. 1934 सालीं जर्मनींत हान्स आंडरझाग यांनीं तयार केलेलें हें औषध विषारी समजून बाजूस पडलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर तें जगभर पसरलें. 1955 मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें हिवताप पृथ्वीवरून नाहींसा करण्याचा संकल्प सोडला, त्यांत डी. डी. टी. च्या जोडीस याच औषधाचा भरंवसा होता.

पश्चिम कंबोडियांतील पैलिन येथें हा भरंवसा ढळला. रत्नांच्या खाणींसाठीं दूरदूरचे मजूर तेथील जंगलांत येऊन राहत. त्यांस गांठून गोळ्या देणें अवघड, म्हणून 1960 च्या सुमारास मिठांतच औषध मिसळण्याची युक्ति निघाली. युक्ति सोयीची खरी. पण कोणी मीठ अधिक खाई, कोणी कमी, आणि रक्तांत औषधाचा जो अंश राही तो जंतु मारण्यास अपुरा व चिवट जंतु निवडण्यास पुरेसा! त्या टापूंत व दक्षिण अमेरिकेंतील कोलंबियांत क्लोरोक्विन निष्फळ ठरूं लागलें. 1973 सालीं आसामांतही तोच अनुभव आला.

वास्तविक धडा जवळच होता. क्षयावर एकटें स्ट्रेप्टोमायसिन फार काळ चालत नाहीं, दुसरें औषध जोडल्यास चालतें, हें 1950 पर्यंत कळून चुकलें होतें. हिशेब सोपा आहे. समजा, शंभर कोटी जंतूंत एक जंतु एका औषधास दाद न देणारा निपजतो. रोग्याच्या अंगांत लक्ष कोटी जंतु असूं शकतात. म्हणजे असे हजार चिवट झाले. परंतु दोन निराळ्या औषधांस एकदम पुरून उरणारा जंतु शंभर कोटींच्या शंभर कोटी पटींत एखादा. मात्र औषधें खरोखर निराळीं हवींत. सल्फाडॉक्सिन व पायरिमेथामिन ही जोडी फोलेटच्या एकाच मार्गावर घाव घालते; थायलंडांत ती थोड्याच वर्षांत बोथट झाली. पुढें मेफ्लोक्विनचीही तीच गत झाली.

इतक्यांत चीनमधून नवें औषध आलें. 1967 सालीं सुरू झालेल्या गुप्त संशोधनांत तू यूयू यांनीं चौथ्या शतकांतील गे होंग यांच्या ग्रंथाच्या आधारें एका वनस्पतींतून आर्टेमिसिनिन मिळविलें. त्याच्या आर्टेसुनेट या रूपास 1994 मध्यें थायलंड-ब्रह्मदेश सीमेवर मेफ्लोक्विनची जोड मिळाली, आणि थकलेलें मेफ्लोक्विनही पुन्हां कामास आलें. 2006 सालीं आर्टेमिसिनिनच्या एकेरी गोळ्या विकूं नका, असें जागतिक आरोग्य संघटनेनें कारखानदारांस बजावलें.

नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडावी, तशी ही व्यवस्था. मात्र येथें नवरीच आधीं निघून जाते: आर्टेमिसिनिन कांहीं तासांत शरीरांतून नाहींसें होतें, सोबतीण दिवसचे दिवस मागें एकटी राहते. पहिलीनें जंतु झपाट्यानें कमी केले नाहींत, तर उरलेल्यांचा सारा भार दुसरीवर पडतो. पैलिनमध्यें पुन्हां तेंच घडलें. 2009 च्या सुमारास तेथें आर्टेमिसिनिनचा प्रभाव मंदावल्याचें उघड झालें, आणि मागोमाग सोबतीचें पिपेराक्विनही खचलें. कंबोडिया मेफ्लोक्विनकडे परतला. मधल्या काळांत त्याविरुद्धची चिवटता ओसरली होती. 2020 सालीं तिहेरी औषधांच्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंबोडिया, थायलंड व व्हिएतनाम येथें जुन्या जोडीनें सुमारें निम्मेच रोगी ताप न उलटतां बरे झाले. तिच्यांत मेफ्लोक्विन घातल्यावर बहुतेक सर्व.