माइक कुठं लावायचा?

हँड्स-फ्री किटच्या खोक्यातून चार वस्तू निघतात. एक काळी डबी, तिला जोडायचा तारांचा गुच्छ, डॅशबोर्डवर चिकटवायची बटणं आणि करंगळीच्या पेराएवढा माइक. जुन्या गाडीत हे स्वतः बसवायला घेतलेला माणूस आधी धास्ती घेतो ती तारांची. पण तारा मार्गी लागतात, अडतं ते माइकपाशी. त्याची जागा चुकली की गाडीत बसलेल्याला सगळं स्वच्छ ऐकू येतं आणि पलीकडचा नुसता ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. या वस्तूचं कूळ शोधत मागं गेलं की लक्षात येतं, हे दुखणं आजचं नाही. गाडीतला रेडिओ, गाडीतला टेलिफोन आणि बोलपट हे तिघंही याच प्रश्नाशी झगडले: हव्या आवाजातून नको तो आवाज बाजूला कसा काढायचा? त्यातली एक झटापट कोल्हापुरातच झाली.

या कुळातला थोरला भाऊ म्हणजे गाडीतला रेडिओ. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं 1930 साली मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला. मोटोरोला हे नाव जन्मलं ते या रेडिओसाठी. त्या काळी रेडिओ ही दिवाणखान्यात ठेवायची, लाकडी कपाटातली वस्तू. ती गाडीत नेली आणि इंजिन आडवं आलं. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी पडते तेव्हा दर ठिणगीगणिक एक बारीक रेडिओलहर सुटते. डायनामो आपली खरखर वेगळी घालतो. गाणं सुरू आणि त्यावर इंजिनाची कटकट, असा तो प्रकार. एल्मर वेव्हरिंग आणि विल्यम लिअर या तंत्रज्ञांनी प्लगच्या तारांना रोध जोडून, डायनामोला कपॅसिटर लावून आणि रेडिओभोवती धातूचं कवच घालून ही कटकट आटोक्यात आणली. गॅल्विन कर्जासाठी एका बँकवाल्याकडे गेले, त्याच्याच पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीनं पेट घेतला, असा किस्सा सांगतात. खराखोटा कसाही असो, बॅटरीच्या तारेवर फ्यूज का हवा हे त्यातून चांगलं कळतं.

दुसरा भाऊ टेलिफोन. 17 जून 1946 रोजी अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात बेल कंपनीनं गाडीतला फोन सुरू केला. यंत्राचं वजन 80 पौंड, म्हणजे 36 किलोच्या आसपास. ते बसायचं डिकीत. कॉल ऑपरेटरमार्फत लागायचा आणि बोलताना रिसिव्हरवरचं बटण दाबून धरावं लागायचं. आपलं बोलून झालं की बटण सोडायचं, मग पलीकडचा बोलणार. 1964 मध्ये आलेल्या सुधारित व्यवस्थेत दोघांना एकाच वेळी बोलता येऊ लागलं. बटण गेलं, पण रिसिव्हर कानाशीच राहिला. तो खाली ठेवून स्पीकर आणि माइक दोन्ही सुरू ठेवायचे म्हटलं, की पलीकडच्याचा आवाज स्पीकरमधून निघून आपल्याच माइकमध्ये शिरायचा आणि फिरून त्याच्याच कानावर आदळायचा.

यावरचा पहिला इलाज ओबडधोबड होता. एक बोलत असला की दुसऱ्याची वाट आपोआप बंद करायची. भांडण असो की सौदा, दोघं एकदम बोलले की एकाचा शब्द तुटणारच. खरा इलाज निघाला बेल लॅब्जमध्ये. तिथले जॉन केली आणि बेन लोगन, आणि त्यांच्याबरोबर भारतात शिकून अमेरिकेत गेलेले मनमोहन सोंधी यांनी साठच्या दशकात प्रतिध्वनी पुसणारं तंत्र मांडलं. सोंधींचा त्यावरचा निबंध 1967 चा. कल्पना साधी, पण धारदार आहे. स्पीकरमधून काय निघणार हे यंत्राला आधीच ठाऊक असतं. तोच आवाज काचेवर, टपावर, सीटवर आपटून माइकपर्यंत कसा पोचेल याचा अंदाज यंत्रानं बांधायचा आणि माइकमध्ये जे आलं त्यातून तेवढं वजा करायचं. उरतो तो चालकाचा आवाज. काच खाली केली, मागं आणखी एक माणूस बसला, की अंदाज बदलतो; म्हणून यंत्राला तो सारखा सुधारत राहावा लागतो. एवढं गणित क्षणोक्षणी करणारी चिप स्वस्त व्हायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. आज किटमध्ये असतो तो इलेक्ट्रेट जातीचा बारका माइकही त्याच बेल लॅब्जचा: गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी तो 1962 मध्ये तयार केला.

तिसरा भाऊ वयानं सगळ्यांत लहान. स्वीडनमधल्या लुंड इथं एरिक्सन कंपनीत 1994 मध्ये याप हार्टसेन आणि स्वेन मॅटिसन यांनी फोन आणि त्याची जोड-उपकरणं बिनतारी जोडायचं काम हाती घेतलं, आणि त्यातून ब्लूटूथ उभं राहिलं. 1998 मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल आणि तोशिबा या पाच कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या 79 वाटांवरून सेकंदाला 1600 उड्या मारत ही लहर जाते, म्हणून आजूबाजूच्या बाकीच्या यंत्रांच्या गर्दीतूनही ती निभावते. किट आणि फोन आपसात ज्या हुकमांनी बोलतात ते हुकूम मात्र याहून जुने. अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या मोडेमसाठी ते 1981 मध्ये आले. आपण हिरवं बटण दाबतो तेव्हा किट फोनला तीन अक्षरं पाठवतं: ‘एटीए’, म्हणजे उचल.

आता कोल्हापूरच्या घराण्याकडे, म्हणजे बोलपटाकडे येऊ. बाबूराव पेंटर यांनी 1918 मध्ये कोल्हापुरात स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला, तेव्हा विष्णुपंत दामले त्यांच्या हाताखाली होते. त्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला स्तंभ उभा आहे. पुढं 1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. मार्च 1931 मध्ये मुंबईत ‘आलम आरा’ बोलला आणि मूकपटांचा जमाना संपला. प्रभातनं 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत एकदमच आणला. त्याचं चित्रीकरण कोल्हापुरातलं, आणि ध्वनीची बाजू सांभाळली दामल्यांनी. आधीचा हा चित्रकार, यंत्र उघडून समजून घेण्याच्या बळावर ध्वनिमुद्रक झाला.

त्या काळात संवाद आणि गाणं जागच्या जागी, चित्रीकरणाबरोबरच टिपलं जायचं. गाणारा नट पडद्यावर दिसणार, साथीदार कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसणार आणि माइक दोघांना पुरायचा, पण दिसायचा नाही. तो नटाच्या जवळ आणला तर चौकटीत येतो, लांब नेला तर संवाद पातळ होतो आणि कॅमेऱ्याची घरघर वर येते. म्हणून कॅमेऱ्याला कोंडून घालायचं, माइक टांगायचा आणि नटानं कुठं वळून बोलायचं हे आधी ठरवायचं. जुन्या गाडीत माइक लावणारा माणूस हाच हिशेब करतो, फक्त कॅमेऱ्याच्या जागी इंजिन आणि उघडी काच असते.

कोल्हापूरच्या गाड्यांत आवाज आला तो टेपच्या रूपानं. वडापच्या जीपला पॅसेंजर मिळायचं ते टेप कोणाचा भारी, यावरही. या टेपमुळंच शहरातल्या वायरिंगवाल्यांचा हात बसला. टेपसाठी डॅशबोर्डमध्ये जी खाच असते तिचं जर्मन माप 180 बाय 50 मिलिमीटर. ते आंतरराष्ट्रीय झालं, म्हणून कुठल्याही कंपनीचा टेप कुठल्याही गाडीत बसू लागला. टेपच्या मागं तारा जुळवणाऱ्या कपलरलाही पुढं एकच घडण आली. 2000 नंतर पॅरट या फ्रेंच कंपनीसारख्यांनी हँड्स-फ्री किट आणली, ती याच कपलरच्या आधारावर. किटचा गुच्छ गाडीचं कपलर आणि टेप यांच्या मधे घुसवायचा. फोन आला की किट टेपचा आवाज तोडतं आणि पलीकडच्याचा आवाज स्पीकरवर सोडतं.

बसवताना आधी बॅटरी बघायची. मारुती 800 किंवा झेनला प्रश्न नाही. 12 व्होल्ट आणि ऋण टोक बॉडीला. पण कोणी महायुद्धातली विलिस जीप जिवापाड जपली असेल तर तिची मूळ बॅटरी 6 व्होल्टची, आणि जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक बॉडीला असायचं. अशा गाडीत किट सरळ जोडलं तर ते गेलंच म्हणून समजा. बाजारातल्या टेपच्या गुच्छात पिवळी तार कायमच्या करंटची, लाल किल्ली फिरवल्यावरच्या करंटची, काळी अर्थिंगची. पण आधी कोणी गाडीत हात घातला असेल तर रंगावर जाऊ नये, मीटर लावून बघावं. लाल तार कायमच्या करंटला गेली की किट रात्रंदिवस जागं राहतं आणि बॅटरी उतरते. टेपची खाच नसलेल्या गाडीत लायटरच्या सॉकेटला लावायचा एफएम ट्रान्समीटर हा सोपा मार्ग, पण त्याला मोकळी फ्रिक्वेन्सी लागते. कोल्हापुरात आकाशवाणीचं 102.7 आणि टोमॅटोचं 94.3 टाळून जागा शोधावी लागते.

अर्थिंगबद्दल उद्यमनगरातल्या एका वायरिंगवाल्याचं ऐकावं. “अण्णा, अर्थिंग एकाच जाग्याला घ्या,” तो सांगतो. “टेपचं हिकडं आन किटचं तिकडं घेतलं की टेप गाणं कमी आन इंजिनच जास्त म्हणतोय बघा.” त्याचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. दोन ठिकाणी अर्थिंग घेतलं की बॉडीतून त्या दोन जागांमध्ये बारीक करंट फिरतो आणि अल्टरनेटरची शिट्टी स्पीकरवर येते. ॲक्सिलरेटर दाबला की तीही चढते. म्हणून रंग खरवडून उघड्या पत्र्यावर एकच स्क्रू आणि त्याच्याखाली दोन्ही काळ्या तारा. एवढं करूनही शिट्टी राहिली तर फिल्टर. आणि प्लगच्या तारा जुन्या झाल्या असतील तर त्या बदलायच्या. गॅल्विनच्या माणसांनी ज्या चोराला पकडलं, तो आजही त्याच जागी सापडतो.

आता माइक. अनेक 800 मध्ये स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर बसवलेले असतात. किटचा आवाज मात्र गुच्छातल्या पुढच्या स्पीकरच्या तारांवर येतो. पुढं स्पीकरच नसेल तर त्या तारा मागच्या स्पीकरकडे न्याव्या लागतात, किंवा चालकाच्या बाजूला एक छोटा स्पीकर घालावा लागतो. दुसरा उपाय चांगला, पण मग माइक त्या स्पीकरच्या तोंडासमोर नको. आरशाजवळ किंवा सन व्हायजरच्या कडेला, तोंड चालकाकडे, अंतर वितभर-दोन वीत. समोरच्या काचेवर वारं सोडणाऱ्या झरोक्याच्या वाटेत नको आणि दाराच्या काचेजवळही नको, कारण आपल्याकडं एसी नसलेल्या गाडीत काच खालीच असते. तार टपाच्या अस्तरात सरकवून दाराच्या खांबातून खाली आणायची. कायम चिकटवण्याआधी कागदी चिकटपट्टीनं तात्पुरता लावून एखाद्याला फोन करावा: एकदा इंजिन बंद, एकदा सुरू, एकदा रस्त्यावर काच खाली करून. गाडीतल्या माणसाला सगळं नीटच वाटतं, म्हणून निकाल पलीकडच्यानं द्यायचा.

एवढ्यानं हात मोकळे होतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनं गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क-उपकरण वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं. पहिल्या गुन्ह्याला 1000 ते 5000 रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, अथवा दोन्ही. किट त्या व्याख्येतून वाचवतं. अपघातातून वाचवतंच असं नाही. टोरांटोतल्या 699 चालकांवरचा अभ्यास 1997 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. फोनवर बोलत असताना टक्कर होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली, आणि हँड्स-फ्री वापरल्यानं त्यात फायदा झाल्याचं दिसलं नाही. या सगळ्या कुळानं आवाज आवाजापासून वेगळा केला. बोलणं आणि चालवणं वेगळं करणं त्याच्या हातात कधी नव्हतंच.

त्यामुळं बटणं चिकटवताना एक करावं. हिरव्याइतकंच लाल बटणही न बघता अंगठ्याखाली येईल अशी जागा निवडावी. गळीत हंगामात कागलच्या रस्त्याला पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, आणि त्याच वेळी फोन वाजला, तर दाबायचं ते हेच. तेव्हाही किट फोनशी त्याच जुन्या मोडेमच्या बोलीत बोलतं: ‘एटी प्लस सीएचयूपी’, म्हणजे बंद कर. पलीकडच्याला वाईट वाटलं तर कागलात थांबून समजूत घालता येते.