गृहकर्ज हस्तांतरणासाठीचे घराचे मूल्यांकन

चालू गृहकर्ज एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेताना नवी बँक तारण घराची जी किंमतनिश्चिती करून घेते, तिला गृहकर्ज हस्तांतरणासाठीचे मूल्यांकन म्हणतात. अशा हस्तांतरणास व्यवहारात ‘बॅलन्स ट्रान्सफर’ असे नाव आहे. मूल्यांकनाचा खर्च बहुधा कर्जदारावर पडतो. अहवाल मात्र बँकेसाठी असतो. कर्ज थकल्यास घर विकून रक्कम वसूल होईल का, हा त्यातील मूळ प्रश्न असतो. त्यामुळे घरावर झालेला खर्च आणि अहवालातील किंमत यांत तफावत पडू शकते.

पार्श्वभूमी

भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारण्यास बँकांना मनाई केली. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची अशी नवी कर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडणे बंधनकारक झाले. जुन्या कर्जाचा दर नव्या दरापेक्षा चढा राहिल्यास कर्जदार हस्तांतरणाचा विचार करतात.

कार्यपद्धती

बँकेच्या यादीवरील मूल्यांकनकार घराची प्रत्यक्ष पाहणी करतो. तो क्षेत्रफळ मोजतो, चतुःसीमा पडताळतो आणि बांधकामाचा प्रकार, वय, रस्ता व पाणीपुरवठा यांची नोंद घेतो. सदनिकेची किंमत परिसरातील अलीकडील व्यवहारांशी तुलना करून ठरवली जाते. स्वतंत्र घराबाबत जमिनीच्या किमतीत घसारा वजा केलेली बांधकामाची किंमत मिळवतात. मुद्रांक शुल्कासाठी शासन प्रसिद्ध करत असलेले वार्षिक मूल्यदर तक्ते (रेडी रेकनर) संदर्भासाठी पाहिले जातात. मालकीहक्काचा शोध अहवाल वकील स्वतंत्रपणे देतो. मूळ कागदपत्रे जुन्या बँकेकडे असल्याने ही तपासणी सुरुवातीला छायाप्रतींवरून होते.

कर्जमर्यादा

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंतचे ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरील कर्ज ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. उदाहरणार्थ, २४ लाख रुपये कर्ज शिल्लक असून घराची किंमत २५ लाख ठरली, तर कमाल कर्ज २२.५ लाख रुपये होते. उरलेले दीड लाख रुपये कर्जदाराने स्वतः भरले नाहीत, तर हस्तांतरण होत नाही आणि जुनाच दर चालू राहतो.

ग्रामीण व खाडीकाठची घरे

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवीसारख्या औद्योगिक गावांच्या परिसरात मूल्यांकनात कागदपत्रांना बांधकामाइतकेच महत्त्व येते. डोलवी येथे जेएसडब्ल्यू स्टीलचा पोलाद प्रकल्प असून जवळच धरमतर खाडी आहे. अशा भागात मंजूर नकाशाच्या सदनिकांबरोबरच गावठाणातील वडिलोपार्जित घरे आणि शेतजमिनीवर उभी राहिलेली घरेही आढळतात.

गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. मात्र ती करआकारणीची नोंद असून केवळ तिच्यावरून मालकीहक्क सिद्ध होत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे मोजणी करून गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका देण्यात येतात. गावठाणाबाहेरील घरासाठी सातबारा उतारा, बिनशेती परवानगी व बांधकाम परवानगी तपासली जाते. मंजुरीपेक्षा अधिक केलेले बांधकाम बहुधा किमतीत धरले जात नाही. २०१९ च्या किनारपट्टी नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार खाडीच्या भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतके, यांपैकी कमी असलेले अंतर नियमनाखाली येते. तेथील घराच्या परवानग्या स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. त्यामुळे भक्कम बांधलेले घरही तारण म्हणून नाकारले जाऊ शकते.

अहवालानंतर

क्षेत्रफळ किंवा बांधकामाचे वर्ष चुकल्यास कर्जदार पुराव्यासह फेरतपासणीची विनंती करू शकतो किंवा अन्य बँकेकडे अर्ज करू शकतो. कर्ज मंजूर झाल्यावर नवी बँक जुन्या बँकेची शिल्लक रक्कम थेट फेडते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आवश्यक असून, बँकेमुळे विलंब झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.