बृहत् मजकुराचे संगणकीय प्रदर्शन

काही लक्ष ते काही कोटी ओळींचा मजकूर मेजावरील संगणकाच्या पडद्यावर विनाविलंब दाखविणे, त्यातून मागेपुढे जाणे व त्यात दुरुस्ती करणे यांसाठी योजिलेल्या पद्धतींचा हा इतिहास आहे. यंत्रांच्या कामकाजाच्या नोंदी, जनुकक्रम, मोठी कोष्टके अशा फाइली आकाराने प्रचंड असतात. पडद्यावर मात्र एका वेळी पन्नास-साठ ओळीच मावतात. वाचणाऱ्यालाही त्या क्षणी तेवढ्याच हव्या असतात. तेव्हा उरलेला मजकूर स्मृतीत आणावयाचा की नाही आणि आणल्यास कोणत्या रूपात ठेवावयाचा, हा या विषयाचा गाभा होय. स्मृती स्वस्त झाली की प्रश्न आपोआप सुटेल, असे प्रत्येक पिढीला वाटत आले. परंतु स्मृतीबरोबर फाइलीही वाढत गेल्या.

प्रारंभीच्या काळात ही निवड यंत्रानेच करून टाकली होती. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६२-६३ च्या सुमारास डॅन मर्फी यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी टेको ही संपादक आज्ञावली तयार केली. मजकूर कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात असे. त्यातील एक ‘पान’ स्मृतीत घ्यावयाचे, दुरुस्त करावयाचे, नव्या फितीवर छिद्रित करावयाचे आणि मग पुढचे पान घ्यावयाचे, अशी पद्धत होती. मागच्या पानावरील चूक उशिरा ध्यानात आल्यास फीत पुन्हा पहिल्यापासून चालवावी लागे. गैरसोय उघड होती. पण फीत कितीही लांब असली तरी काम अडत नसे.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी १९६९ मध्ये लिहिलेल्या ‘एड’ या आज्ञावलीत मागेपुढे जाता येत होते. पडदा नव्हताच, दूरमुद्रकावर मागितलेल्या ओळी तेवढ्या छापल्या जात. याच प्रयोगशाळेतील ली मॅकमहोन यांना ‘फेडरलिस्ट’ या १७८७-८८ मधील ८५ निबंधांच्या संग्रहात शब्द व वाक्प्रयोग शोधावयाचे होते, कारण त्यांतील काही निबंधांचा लेखक कोण याविषयी वाद होता. हा मजकूर सुमारे दहा लक्ष अक्षरांचा असून तो ‘एड’मध्ये मावेना. तेव्हा टॉम्पसन यांनी ‘एड’मधील शोध घेणारा भाग वेगळा काढून त्याची स्वतंत्र आज्ञावली केली. तीच पुढे ‘ग्रेप’ या नावाने प्रसिद्ध झाली. ती मजकूर ओळीओळीने वाचते, जुळणारी ओळ छापते व पुढे जाते. संपूर्ण मजकूर हाताशी ठेवण्याची गरज तिला पडत नाही. संपादकाच्या आवाक्याबाहेरचे काम संपादन वगळल्याबरोबर सोपे झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पडदा आल्यावर आणखी एक अडचण पुढे आली. बिल जॉय यांनी बर्कली येथे १९७६ मध्ये ‘व्हीआय’ लिहिण्यास आरंभ केला, तेव्हा ते घरून दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला सुमारे ३० अक्षरे या वेगाने काम करीत. २४ ओळी व ८० स्तंभ असलेला पूर्ण पडदा नव्याने भरण्यास एक मिनिटाहून अधिक वेळ लागला असता. म्हणून बदललेला भागच तेवढा पुन्हा रेखाटण्याचे तंत्र त्यांना योजावे लागले.

या सर्व प्रयत्नांत मूलगामी ठरलेले काम कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो संशोधन केंद्रात झाले. तेथे १९७३ मध्ये बनलेल्या आल्टो या संगणकाची स्मृती मूळ रूपात १२८ किलोबाइट, तर चुंबकीय चकतीची क्षमता सु. २·५ मेगाबाइट होती. म्हणजे चकतीवरील दस्तऐवज स्मृतीपेक्षा मोठा असणे अगदी शक्य होते, आणि स्मृतीचा बराच भाग पडद्यावरील चित्र धारण करण्यातच खर्च होई. बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये यासाठी ‘ब्राव्हो’ ही आज्ञावली सिद्ध केली. तिच्यातील ‘तुकड्यांची सारणी’ ही रचना जे स्ट्रॉथर मूर यांच्या नावाशी निगडित आहे.

या रचनेत मूळ फाइलीला हात लावला जात नाही. नव्याने टंकलेला मजकूर दुसऱ्या एका फाइलीच्या शेवटी जोडला जातो. दस्तऐवज म्हणजे कोणत्या फाइलीतील कोठून कोठपर्यंतचा भाग कोणत्या क्रमाने वाचावयाचा याची यादी. उदा., ‘पुणे हे शहर आहे’ या वाक्यात ‘शहर’ या शब्दाआधी ‘जुने’ हा शब्द घातला, तर यादीत तीन तुकडे होतात : मूळ फाइलीतील ‘पुणे हे’, भर घातलेल्या फाइलीतील ‘जुने’ आणि पुन्हा मूळ फाइलीतील ‘शहर आहे’. मजकूर जागचा हलत नाही. यादी तेवढी बदलते. त्यामुळे फाइल किती मोठी आहे यावर नव्हे, तर माणसाने तीत किती दुरुस्त्या केल्या यावर स्मृतीचा खर्च ठरतो. जुनी यादी जपून ठेवली की दुरुस्ती रद्द करणेही सोपे होते. शिवाय यंत्र मध्येच बंद पडल्यास नोंदवून ठेवलेल्या कळांची पुनरावृत्ती करून गेलेले काम परत मिळविण्याची सोय ब्राव्होमध्ये होती. ज्याचा दिवसभराचा मजकूर एका क्षणात नाहीसा झाला आहे, त्याला या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीत गेले व १९८३ मध्ये बाजारात आलेल्या ‘वर्ड’मध्ये हीच रचना आली. मात्र तिची दुसरी बाजूही दिसून आली. ‘जलद जतन’ या पर्यायात बदल फाइलीच्या शेवटी जोडले जात. खोडलेला मजकूर आत तसाच राही आणि ती फाइल ज्याच्या हाती पडे त्याला तो युक्तीने वाचता येई. मूळ मजकूर न हलविण्याचा हा गुण येथे दोष ठरला, आणि हा पर्याय पुढे काढून टाकण्यात आला.

केवळ वाचावयाचे असल्यास काम याहून सोपे असते. मार्क नूडलमन यांनी १९८३ ते १९८५ या काळात लिहिलेली ‘लेस’ ही आज्ञावली संपूर्ण फाइल वाचण्याची वाट न पाहता पहिला पडदा दाखविते आणि पुढील भाग लागेल तसा घेते. याउलट विंडोज ९५ मधील ‘नोटपॅड’ सुमारे ६४ किलोबाइटपेक्षा मोठी फाइल उघडू शकत नसे. मेजावरील संगणकात तेव्हा आल्टोच्या कित्येक पट स्मृती होती. उणीव होती ती मजकूर एकसंध ठेवणाऱ्या सोळा-अंकी नियंत्रकात.

जुना धडा किती सहज विसरला जातो याचे उदाहरण अलीकडचे आहे. ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा संपादक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तो प्रत्येक ओळीसाठी स्मृतीत एक स्वतंत्र वस्तू निर्माण करी. एका वापरकर्त्याची अवघी ३५ मेगाबाइटची फाइल त्यात उघडेना. तीत १ कोटी ३७ लक्ष ओळी होत्या. प्रत्येक ओळीमागे ४० ते ६० बाइट, असा एकूण सुमारे ६०० मेगाबाइटचा भार होत होता. २०१८ मध्ये रचना बदलण्यात आली. निवड झाली ती तुकड्यांच्या सारणीचीच, फक्त तुकडे आता सरळ यादीऐवजी संतुलित वृक्षाच्या रूपात मांडले गेले. प्रत्येक शाखेत ओळींची संख्या नोंदविलेली असल्याने अमुक क्रमांकाची ओळ थोड्या पायऱ्यांत सापडते. आल्टोवर जे दारिद्र्यामुळे सुचले होते, ते सुबत्तेत पुन्हा शोधावे लागले.

मजकूर मधूनच वाचावयाचा तर अक्षराची सुरुवात कोठे आहे हे कळले पाहिजे. रोमन लिपीत एक अक्षर एका बाइटात मावत असल्याने हा प्रश्न जुन्या आज्ञावल्यांना पडलाच नाही. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइट घेते. ‘स्त्री’ हे एक अक्षर सहा चिन्हांचे, म्हणजे १८ बाइटांचे होते. टॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या या संकेतनात कोणताही बाइट पाहून तो चिन्हाचा आरंभ आहे की मधला भाग, हे सांगता येते. म्हणून फाइलीच्या मध्यावर उडी मारल्यावर फार तर दोन बाइट मागे सरून देवनागरी चिन्ह गाठता येते. जोडाक्षराचा आरंभ मात्र आणखी मागे जाऊन शोधावा लागतो. जोडाक्षरांची रुंदीही सारखी नसते. त्यामुळे ओळ पडद्याच्या कडेला कोठे मोडेल हे प्रत्यक्ष मांडणी केल्याखेरीज कळत नाही आणि कोट्यवधी ओळींची मांडणी आधीच करणे परवडत नाही. अशा वेळी संपादक न पाहिलेल्या भागाच्या उंचीचा अंदाज बांधतो व तो भाग समोर आल्यावर अंदाज सुधारतो; बाजूच्या सरकपट्टीवरील खूण कधी कधी किंचित उडी घेताना दिसते ती यामुळेच.